प्रगतिपुस्तकातील गद्य : खानदेशातील शालेय नोंदी आणि त्यांचे वाटप

१

मराठी गद्याचा विचार करताना आपण निबंध, चरित्र, कादंबरी आणि पत्रव्यवहार यांचा परामर्श घेतो. फार तर बखरी व दफ्तरे यांच्यापर्यंत मागे जातो. दर वर्षी दोन वेळा राज्यातील प्राथमिक शाळांतून विद्यार्थ्यांविषयी जे मराठी गद्य लिहिले जाते, त्याची मात्र समीक्षेने आजवर फारशी दखल घेतलेली नाही. ‘वर्णनात्मक नोंद’ हे त्या गद्याचे कार्यालयीन नाव. ती प्रगतिपुस्तकात विषयाच्या किंवा सत्राच्या समोरील चौकटीत उतरते आणि तिची लांबी बहुधा एका वाक्याची असते. या वाक्याचा कर्ता शिक्षक, विषय एक मूल, आणि वाचक कोण, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हे गद्य कोठून आले ते प्रथम पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीसाठी निर्णय काढला. मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग ठरले. पहिली-दुसरीस आकारिकाला ७० व संकलिताला ३०, तिसरी-चौथीस ६० व ४०, पाचवी-सहावीस ५० व ५०, आणि सातवी-आठवीस ४० व ६० असा भार देण्यात आला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशी आठ साधने सांगितली गेली. गुणांच्या जागी ‘अ-१’ पासून ‘इ-२’ पर्यंत श्रेणी आल्या. आणि श्रेणीला जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे शब्दांचे रकाने आले.

मूळ कल्पना उत्तम होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ५५ गुण मिळविणारी दोन मुले एकसारखी नसतात. एकाला गुणाकार येतो, पण उदाहरणातील वाक्य वाचता येत नाही. दुसऱ्याला वाक्य कळते, पण हातचा राहतो. अंक येथे मुका असतो. त्याला वाचा फोडावी, म्हणून शिक्षकाच्या हाती वाक्य देण्यात आले.

२

या वाक्याचे पुढे काय झाले, हे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या व्यवहाराशी ज्याचा थोडाही परिचय आहे, त्याला ठाऊक आहे. विषयवार तयार वाक्यांच्या याद्या निर्माण झाल्या. प्रथम त्या झेरॉक्सच्या दुकानांतून फिरल्या; मग केंद्रस्तरीय गटसंमेलनांत पेनड्राइव्हवरून गेल्या; आणि पुढे व्हॉट्सॲपच्या गटांतून गेल्या. तंत्रस्नेही शिक्षकांनी एक्सेलमध्ये निकालपत्रकाचे तक्ते बांधले. गुण भरले की बेरीज, टक्केवारी, श्रेणी आणि छापण्याजोगे प्रगतिपुस्तक आपोआप तयार व्हावे, ही त्यांची योजना. काही तक्त्यांत तर श्रेणी पडताच तिला साजेसे वाक्यही चौकटीत येऊन बसते.

या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. एक साधा हिशेब करून पाहावा. अधिनियमाने उच्च प्राथमिक वर्गासाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण मानले आहे. ३५ मुले, ९ विषय, २ सत्रे : एकूण ६३० नोंदी. प्रत्येकीला दोन मिनिटे धरली तरी २१ तास होतात. आणि दोन मिनिटांत एखाद्या मुलाविषयी खरे वाक्य सुचत नाही. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या दोनशिक्षकी शाळेत, जेथे एकाच माणसाकडे दोन वर्ग आणि सगळे विषय असतात, तेथे हा भार कसा पेलला जाणार? शिवाय २०१० साली हे काम अंगावर आले तेव्हा मुलाचे वर्णन करण्याची परिभाषा अनेकांच्या हाताशी नव्हती. ती या याद्यांनी पुरविली. म्हणून शिक्षकांनी एकमेकांस फाइली दिल्या, यात मुळात परस्परसाहाय्याची चांगली वृत्ती आहे. प्रश्न एवढाच की त्यांनी नेमके काय वाटून घेतले?

३

तयार याद्यांतील वाक्ये भाषेच्या दृष्टीने पाहिली, तर त्यांची काही लक्षणे चटकन नजरेत भरतात. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘परिसरातील वस्तूंचे निरीक्षण करतो’ या ठशाची ही वाक्ये असतात.

पहिले लक्षण काळाचे. ही सर्व वाक्ये रीतिवर्तमानात आहेत. ‘करतो’, ‘म्हणतो’, ‘होतो’ या रूपांना दिवस नाही, प्रसंग नाही. निरीक्षण हे स्वभावतःच भूतकाळात घडलेले असते. कोणी तरी, कोठे तरी, काही तरी पाहिलेले असते. उदाहरणादाखल असे वाक्य रचून पाहू : ‘जुलैत जोडाक्षर आले की थांबत असे, सप्टेंबरात “व्यवहार” हा शब्द स्वतः फोडून वाचला.’ या वाक्याला काळ आहे, म्हणून त्यात प्रगती आहे. ज्या वाक्यात काळच नाही, ते प्रगतिपुस्तकात बसते खरे, पण प्रगती सांगू शकत नाही.

दुसरे लक्षण लिंगाचे. इंग्रजीत अशी नक्कल सहज लपून गेली असती. मराठी क्रियापद मात्र ती उघडी पाडते. यादी बहुधा पुल्लिंगी असते. म्हणून मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘सहभागी होतो’ असे पडले, की ते वाक्य दुसऱ्या कोणासाठी लिहिलेले होते हे कळून चुकते. काही याद्यांत ‘करतो/करते’ अशी दुहेरी रूपे ठेवून हा दोष टाळलेला दिसतो. पण मग छापील पुस्तकात ती तिरपी रेघ तशीच राहण्याचा धोका असतो. आपल्या मुलीविषयी लिहिताना शिक्षकाला ती मुलगी आहे की मुलगा, हे ठरवावे लागले नाही, असा त्या रेघेचा अर्थ होतो.

तिसरे लक्षण कर्त्याचे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘लेखनाचा सराव आवश्यक’, ‘गणिती क्रियांकडे लक्ष देणे गरजेचे’ अशी वाक्ये येतात. सराव कोणी करावयाचा? लक्ष कोणी द्यावयाचे? मुलाने, आईबापांनी, की शिक्षकाने? वाक्यातून कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. श्रेणीवरून जे वाक्य आपोआप निघते, ते श्रेणीचाच शब्दानुवाद असते. ‘ब-२’ समोर ‘समाधानकारक प्रगती’ असे आले, तर वाचणाऱ्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. श्रेणीला जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी रकाना उघडला, आणि श्रेणीनेच तो भरला. तेव्हा ज्या हेतूने ही सुधारणा झाली तो हेतूच येथे निकालात निघतो.

४

असे का व्हावे? आळस किंवा अप्रामाणिकपणा हे उत्तर वरवरचे आहे. साहित्यव्यवहारात ज्या लेखनाला वाचक नसतो ते ठरीव सांच्यात जाऊन पडते. प्रगतिपुस्तकाचेही तेच झाले आहे.

शालेय नोंदींचा वाचक आपल्याकडे पहिल्यापासून तपासनीस राहिलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावरून शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. तेव्हा नोंद ही अनुदानाची पावती होती. आज अनुदानाचा तो नियम उरला नाही, पण दृष्टी उरली. रकाना भरला आहे की नाही हे तपासले जाते. काय भरले आहे हे क्वचितच. कोरी चौकट दोषास पात्र ठरते, पोकळ वाक्य ठरत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस चौकट भरतो.

वाचक असला म्हणजे काय होते, याचा दाखला याच भूमीत आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. लेखक एक, प्रत एक, आणि वाचक त्याच छपराखाली राहणारे. आपले वाक्य कोण वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून त्याला रोज लिहिणे शक्य झाले. प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे, असे येथे सुचवावयाचे नाही. वाचक समोर असला की वाक्य आपोआप नेमके होते, एवढेच सुचवावयाचे आहे.

दुसरा दाखला बहिणाबाई चौधरींचा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी ऐकून उतरून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. ज्याला स्वतःविषयी लिहिता येत नाही, त्याचे बोलणे दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून असते. आणि येथे लिहून घेणाऱ्यांनी बोली राखली. शाळेतील मूलही याच अर्थाने दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून आहे. ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ म्हणणारे अहिराणी घरातील मूल पहिलीत आले, की यादीतील ‘भाषा अशुद्ध, उच्चारांत सुधारणा आवश्यक’ हे वाक्य तयारच असते. वस्तुतः तेथे नोंदवावयास हवे ते असे : ‘घरची भाषा अहिराणी; बोलताना “मला”ऐवजी “माले” येते, लेखनात येत नाही.’ पहिल्या वाक्यात मुलाचा दोष आहे. दुसऱ्यात त्याचे ज्ञान आहे, आणि पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडेल असे काही आहे. लेवा बोली बोलणाऱ्या, किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलांविषयीही हेच म्हणता येईल.

५

आता फाइलीच्या स्वरूपाकडे वळू. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. हस्तलिखितांच्या पाठभेदांशी झगडण्याची आपली जुनी परंपरा आहे, आणि निकालपत्रकाची फाइल ही पाठभेदांची नवी खाण आहे. वर्गशिक्षक एक तक्ता करतो, तो विषयशिक्षकांना पाठवितो. प्रत्येक जण आपल्या मोबाइलवर किंवा संगणकावर त्यात गुण भरून परत पाठवितो. ‘निकाल’, ‘निकाल नवीन’, ‘निकाल अंतिम’, ‘निकाल अंतिम २’ अशा प्रती जमतात. यांतील मूळ संहिता कोणती?

या प्रक्रियेत होणारे दोष ठरावीक आहेत. केवळ नावांचा रकाना अकारविल्हे लावला आणि गुणांचे रकाने जागीच राहिले, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. आणि बेरीज बरोबरच येत असल्याने चूक ध्यानात येत नाही. गैरहजर मुलाची चौकट कोरी ठेवली तर सरासरीचे सूत्र ती वगळते; तेथे शून्य लिहिले तर ते मोजते. दोघा शिक्षकांच्या दोन सवयींमुळे एकाच आजारी मुलाची दोन भिन्न टक्केवारी निघू शकते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी टंकांत भरलेली नावे दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाहीत. ती पुन्हा टंकताना ऱ्हस्वदीर्घ बदलतात, आणि बदललेले नाव पुढे दाखल्यावर चढते.

श्रेणीच्या सीमारेषेवरील दोष तर विशेष बोधप्रद आहे. २०१० च्या कोष्टकात ३३ ते ४० ला ‘ड’ आणि ४१ ते ५० ला ‘क-२’ अशी श्रेणी ठरली. एखाद्या मुलाची सरासरी ४०.५ आली, तर ती दोहोंतही बसत नाही. तक्ता अपूर्णांक न दाखविता ४१ असे छापतो. पण श्रेणीचे सूत्र आतील ४०.५ पाहते आणि ‘ड’ देते. प्रगतिपुस्तकावर मग ४१ टक्के आणि ‘ड’ अशी परस्परविसंगत जोडी उमटते. अर्ध्या गुणाचा निर्णय कोणी घेतला? शिक्षकाने घेतला नाही, मुख्याध्यापकाने घेतला नाही. कोणा अनोळखी तक्ताकाराने पूर्वी केव्हा तरी लिहिलेल्या सूत्राने तो घेतला.

याच्याशी शाळेच्या जनरल रजिस्टरची तुलना करून पाहावी. एक वही, अनुक्रमाने क्रमांक, आणि परवानगीशिवाय खाडाखोड नाही. या शिस्तीमुळेच त्या नोंदीला पुढे दीर्घ काळ वाचक मिळतात. जातीच्या दाखल्याच्या कामी अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. तेव्हा आजोबांच्या शाळेतील रजिस्टराचे पान उघडले जाते. लिहिणाऱ्या मास्तरांना हा वाचक ठाऊक नव्हता, पण नोंदीची एकच प्रत होती आणि तिला एक राखणदार होता. आजच्या निकालाच्या फाइलीला शंभर प्रती आहेत आणि राखणदार नाही.

शासनाच्या पातळीवर एकत्रीकरण झालेले आहे. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. २०२२-२३ पासून यू-डायसमध्ये विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली. शाळेच्या ११ अंकी सांकेतांकात पहिले चार अंक २७०२ असले की धुळे, २७०३ असले की जळगाव, हे शिक्षकांना पाठ आहे. परंतु या व्यवस्थेतून मुलाबरोबर जाते ते त्याचे नाव, क्रमांक आणि जन्मतारीख. शिक्षकाने त्याच्याविषयी जे जाणले, ते जात नाही.

६

ही त्रुटी कोणाला भोवते? दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यातील आणि चाळीसगाव तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा पहिले सत्र येथे झालेले मूल दुसऱ्या सत्रात दुसऱ्या जिल्ह्यात असते. त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे, अशी योजना आहे. त्या अनोळखी गावातील शिक्षकाला या मुलाविषयी कोणी सांगणार नाही, कागदच सांगेल. त्या कागदावर ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ असे असेल, तर त्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तोवर हंगाम संपेल. गावात राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत नोंद पोकळ असली तरी शिक्षकाच्या स्मरणात भरपाई असते. फिरत्या मुलाला ती सोय नाही. जे मूल सर्वांत अधिक नोंदीवर अवलंबून, त्याच्याच वाट्याला सर्वांत निरुपयोगी नोंद येते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षेची आणि मुलाला मागे ठेवण्याची वाट राज्यांना मोकळी झाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. अशा वेळी पूर्वीच्या चार वर्षांत काय पाहिले गेले, याला मोल येते. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगती पत्रकाची कल्पना मांडली. तीत शिक्षकाबरोबर सहाध्यायी आणि स्वतः मूल यांच्याही मूल्यमापनाला स्थान आहे. कल्पना पुन्हा उत्तम आहे. परंतु रकाने वाढले आणि वाचक वाढला नाही, तर मुलाने स्वतःविषयी लिहावयाचे वाक्यसुद्धा यादीतून उतरविले जाईल.

७

उपाय सुचविताना मोठ्या योजना मांडण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, नोंदी कमी कराव्यात. विषयागणिक एक पोकळ वाक्य लिहिण्याऐवजी सत्राला मुलामागे दोन तारीखवार वाक्ये पुरेत. ३५ मुलांच्या वर्गात ६३० च्या जागी वर्षाला १४० नोंदी होतील, आणि प्रत्येकीला नऊ मिनिटे दिली तरी तेच २१ तास लागतील. दुसरी गोष्ट, निकालाच्या फाइलीचा राखणदार एकच असावा. इतरांनी गुण द्यावेत, तक्ता बदलू नये. दर वर्षी बदलणाऱ्या हजेरी क्रमांकाऐवजी जनरल रजिस्टरचा क्रमांक हा दुवा मानावा. गैरहजेरीची खूण ठरवून घ्यावी. अपूर्णांक कोठे पूर्ण करावयाचा हे मुख्याध्यापकांनी लेखी सांगावे. आणि सही झालेली छापील प्रत हीच प्रमाण मानावी. तिसरी गोष्ट, संपूर्ण वर्गाचे गुण, जन्मतारखा आणि जात यांचे तक्ते मोबाइलच्या गटांवर फिरविणे थांबले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीची विशेष काळजी सांगितली आहे. पण कायदा नसता तरी ही मर्यादा शिक्षकाच्या धर्मातच बसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्या सह्यांना जागा असते. तेथे आणखी एक सही हवी : पुढील वर्षीच्या वर्गशिक्षकाची, ‘वाचले’ म्हणून, जूनमध्ये. एवढ्याने लिहिणाऱ्याला वाचक मिळेल. शिक्षकांनी याद्या अवश्य वाटाव्यात, पण त्या प्रश्नांच्या असाव्यात : मूल कोणत्या शब्दाशी अडले? कोणाच्या शेजारी बसले की बोलते? चूक दाखविल्यावर काय करते? प्रश्न सर्वांना समान असू शकतात. उत्तरे तशी असणार नाहीत.

भाषाविभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे अभ्यासाचे एक क्षेत्र पडून आहे. शाळांची परवानगी घेऊन, मुलांची नावे व ओळख काढून टाकून, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील काही शाळांच्या वर्णनात्मक नोंदी मिळवाव्यात. त्यांतील काळ, लिंगवचन, कर्ता आणि शब्दांची पुनरावृत्ती तपासावी. कोणत्या नोंदीत प्रसंग आहे आणि कोणतीत नाही, हे मोजावे. आणि मग त्या मुलांच्या पुढच्या शिक्षकांना विचारावे की यांतील कोणते वाक्य तुमच्या कामी आले. यादीतून न आलेली वाक्येही त्या ढिगात निश्चित सापडतील. ती कोणी व कशासाठी लिहिली, याचा शोध प्रथम घ्यावा.